तुम्ही विचारलंत म्हणून : कोल्हापुरातून स्कीइंगला किती जण जातात?

हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो. डिसेंबरात एखाद्या पुरवणीकडून, जानेवारीत काश्मीरच्या सहली काढणाऱ्यांकडून, आणि मार्चच्या सुमारास कर्जासाठी प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या कुणा तरुणाकडून. "सर, नेमका नको, ढोबळ सांगा. हजार? पाच हजार?" मी संख्याशास्त्र शिकवतो, पर्यटकांच्या मोजणीचं काम करतो, म्हणजे माझ्याकडे आकडा असणारच, असं सगळे धरून चालतात. नाही म्हटलं की मी टाळतोय असं वाटतं. टाळत नाही. का देत नाही ते एकदा लिहूनच टाकतो.

आधी मोजायचं काय ते ठरवू. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला नऊ दिवस रोज जाणारी बाई मोजणीत नऊ वेळा येते. दर्शनं नऊ, बाई एक. स्कीइंगच्या धंद्यात जगभर मोजतात ती 'दर्शनं', माणसं नव्हेत. एका माणसानं एका दिवशी, पूर्ण दिवस असो की दोन तास, एका स्की केंद्रात घसरण केली की एक भेट. फुकट पासवाला, रात्री दिव्यांच्या उजेडात येणारा, लहान मूल, सगळ्यांची एकेकच. अमेरिकेतली केंद्रचालकांची संघटना १९७८-७९ च्या हंगामापासून हा हिशेब ठेवते आणि २०२२-२३ चा त्यांचा विक्रम आहे ६ कोटी ५४ लाख भेटींचा. एवढी माणसं अमेरिकेत स्की करतात, असा अर्थ कुणी लावला तर तो चुकीचा आहे. आणि लोक नेमका तोच अर्थ लावतात.

बरं, भेटी तरी नीट मोजल्या जातात का? रोजचं तिकीट खिडकीवर विकलं की नोंद होते. हंगामी पासवाला खिडकीकडे फिरकतच नाही. माणसांना डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टच्या तोंडाशी चिप वाचणारी फाटकं येण्याआधी 'विकलेले पास गुणिले सरासरी दिवस' असा हिशेब चालायचा आणि ती सरासरी म्हणजे बहुतेक वेळा व्यवस्थापकाचा अंदाज. दहा हजार पासांना आठऐवजी दहा दिवस धरले की वीस हजार भेटी कागदावर उगवतात, बर्फावर एकही माणूस न वाढता. फाटकं आल्यावर हे बरंच सुधारलं, पण नवी अडचण आली. एकाच पासवर अनेक केंद्रं चालू लागली. सकाळी एका डोंगरावर, दुपारी शेजारच्या डोंगरावर गेलेला माणूस दोन्ही फाटकांवर नोंदला जातो. फ्रान्समधल्या त्र्वा व्हॅलेसारख्या, दऱ्यांमागून दऱ्या लिफ्टनं जोडलेल्या प्रदेशात दिवसाची पहिली नोंद धरायची की प्रत्येक दरीतली, यावर आकडा बदलतो. जे लिफ्टच वापरत नाहीत, सपाटीवर किंवा स्वतः चढून स्की करतात, ते कुठल्याच फाटकावर येत नाहीत. नॉर्वेत अशांची संख्या किरकोळ नाही.

भेटींवरून माणसांकडे जाताना तर भलेभले फसतात. भागिले सरासरी दिवस, एवढंच ना? ती सरासरी काढायला लिफ्टच्या रांगेत उभं राहून विचारतात, "यंदा किती दिवस आलात?" समजा एका डोंगरावर शंभर माणसं येतात. नव्वद जण हंगामात दोन दिवस, दहा जण वीस दिवस. भेटी झाल्या १८० अधिक २००, म्हणजे ३८०. खरी सरासरी ३.८. पण रांगेत तुम्हाला वीस दिवसवाला दहापट जास्त वेळा भेटणार. रांगेतल्या उत्तरांची सरासरी येते साडेअकराच्या आसपास. ३८० ला तिनं भागा, ३३ माणसं. शंभरातली सदुसष्ट माणसं गायब! उपाय आहे : प्रत्येक उत्तराला त्याच्या दिवसांनी भागून वजन द्यायचं. १८० उत्तरांचे निम्मे ९०, २०० उत्तरांचे विसावा हिस्सा १०, बरोबर शंभर. दोन ओळींचा उपाय, पण तो वापरलाय की नाही हे आकडा छापणारा कधी लिहीत नाही.

लोराँ वाना नावाचे स्विस अभ्यासक जगभरातल्या बर्फाळ पर्यटनाचा अहवाल काढतात. सुमारे दोन हजार केंद्रं, वर्षाला ३५ ते ४० कोटी भेटी, साडेतेरा कोटींच्या आसपास माणसं, अशी त्यांची मांडणी असते. इतक्या देशांचं एकत्र दुसरं फारसं काही उपलब्ध नाही. पण त्यातला प्रत्येक देश वेगळ्या पद्धतीनं मोजलेला आहे, हे त्यांचा आकडा उचलणाऱ्यांनी विसरू नये.

आता आपल्याकडे या. गुलमर्गला गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे बंद पाळणे आहेत. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ चा, अफरवटचा दुसरा २००५ चा. तिकिटं मोजलेली असतात, मग तीच घ्या, असं मला नेहमी सुचवलं जातं. गोंडोलात बसणारे बहुसंख्य लोक बर्फ पाहायला जातात, त्याच पाळण्यानं खाली येतात. उलट खरा स्कीवाला दिवसात चार-पाच फेऱ्या मारतो, त्याची तिकिटंही तेवढी. आणि शिकाऊ माणूस खालच्या सौम्य उतारावरच असतो, गोंडोलाच्या तिकिटाशी त्याचा संबंधच नाही. म्हणजे एकाच आकड्यात जास्त मोजणं, दुप्पट मोजणं आणि अजिबात न मोजणं, तिन्ही एकत्र. उत्तराखंडातल्या औलीचं आणखी वेगळं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, रोपवे बंद झाला, त्या तिकिटांची मालिकाच तुटली. नेमक्या नोंदी कुठे असतील तर त्या प्रशिक्षणाच्या. गुलमर्गची केंद्र सरकारची संस्था, औलीतले गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग. तिथं नाव, वय, पत्ता असतो. पण ती यादी म्हणजे तळाची पायरी, एवढे तरी नक्की. वर किती, ते त्यातून कळत नाही.

आणि 'कोल्हापुरातून' म्हणजे कुठून? उजळाईवाडीच्या विमानतळावरून निघालेला? पुण्याला जाऊन झेलम एक्स्प्रेस पकडलेला? मुंबईच्या टूर कंपनीत नाव नोंदवलेला? आधारवर शाहूपुरीचा पत्ता, पण सहा वर्षं बंगळूरला नोकरी करणारा आणि तिथूनच मनालीला गेलेला मुलगा कोल्हापूरचा धरायचा का? त्याच्या आईला विचारलं तर ती "व्हय" म्हणणार.

ज्यामुळे मी आकडा देणं पूर्ण थांबवलं, तो प्रसंग एका तरुणाच्या अहवालाचा आहे. त्याला राजारामपुरीत बर्फाच्या सहलीचं सामान भाड्यानं देणारं दुकान काढायचं होतं. जॅकेट, हातमोजे, गॉगल, बूट, जमल्यास स्कीसुद्धा. अहवाल करून देणाऱ्यानं शहरात फॉर्म भरून घेतले होते. त्यात प्रश्न एकच : "तुम्ही किंवा घरातील कुणी स्कीइंग केले आहे का?" हो म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढली, शहराच्या लोकसंख्येनं गुणली, आणि हजारांत जाणारा गिऱ्हाइकांचा आकडा तयार. मुलगा तो आकडा माझ्याकडून फक्त तपासून घ्यायला आला होता.

आम्ही 'हो' लिहिलेल्यांना फोन लावले. विचारायचे प्रश्न आधी ठरवले होते. कुठे? कोणत्या महिन्यात? पायात काय होतं? किती वेळ? आणि सगळ्यात कामाचा : थांबलात कसे? ज्यानं एक सकाळ जरी शिकवणी घेतलीय, तो सांगतो की स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, आतल्या कडांवर दाब. त्याला बूटही आठवतात. ते प्लॅस्टिकचे, घोट्यात न वाकणारे, नडगीवर रुतणारे असतात आणि त्यांचं माप आपल्या नेहमीच्या नंबरात नसून पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं. ते घालून दहा पावलं चाललेला माणूस त्यांना विसरत नाही.

फोनमागून फोन होत गेले तसे 'हो' गळत गेले. एकजण तारकर्लीला जेट-स्कीवर बसला होता. एका कुटुंबाला गुलमर्गमध्ये लाकडी स्लेजवर बसवून स्थानिक माणसानं ओढलं होतं. कुणी दुबईच्या मॉलमधल्या बर्फाच्या बागेत गेले होते, उताराचं तिकीट न घेता. मनालीजवळच्या सोलंग दरीत स्की पायात बांधून, मार्गदर्शकाच्या हाताला धरून फोटो काढलेले बरेच निघाले. एका काकूंनी "आमच्या जावयानं केलंय" म्हणून हो लिहिलं होतं, जावई नाशिकचे. "थांबलात कसे?" याचं उत्तर बहुतेकांचं एकच : "माणसानं धरलं की." औलीचा वर्ग केलेली एक मुलगी मात्र मिळाली. तिनं न विचारता बुटाचं माप सांगितलं.

तो मुलगा शेजारी बसून प्रत्येक नावापुढे फुली मारत होता. शेवटी म्हणाला, "सर, मग बँकेला लिहू तरी काय?"

त्याला मी जे गणित दाखवलं, ते इथेही मांडतो. समजा खरोखर हजारात एक माणूस स्की करतो. आणि समजा शंभरातला फक्त एक माणूस गैरसमजानं किंवा हौसेनं खोटा 'हो' लिहितो. इतकी कमी चूक कुठल्याही सर्वेक्षणात चांगलीच मानतात. तरी हजार फॉर्ममध्ये खरा हो एक, खोटे दहा. २०११ च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. खरे स्कीवाले साडेपाचशे, फॉर्मवरून निघतात सहा हजार. उलटी चूक याची भरपाई करत नाही, कारण विसरायला खरा माणूस हजारात एकच आहे, आणि खोटं हो म्हणायला नऊशे नव्व्याण्णव. दुर्मीळ गोष्ट मोजताना हे असंच होतं, फॉर्म कितीही प्रामाणिकपणे भरून घ्या. नमुना वाढवूनही ही चूक जात नाही. आणि समजा सगळे खरंच बोलले, तरी हजारात एक हे प्रमाण वीस टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेनं हवं असेल, तर सुमारे ९६ हजार लोकांना विचारावं लागेल. शहर लहान असल्याची सवलत धरली तरी ऐंशी हजारांच्या वर. एवढे फॉर्म भरून घ्यायचे तर शहराची जनगणनाच करावी.

इथं माझा माझ्याशीच वाद आहे. थांबता येणाऱ्यालाच स्कीवाला धरायचं, ही माझी कसोटी फार कडक नाही का? अमेरिकेच्या हिशेबात पहिल्यांदा आलेला, दिवसभर पडत राहिलेला माणूससुद्धा पूर्ण एक भेट असतो. सोलंगचा फोटोवाला मी कुठल्या हक्कानं वगळतो? त्यानं बूट भाड्यानं घेतले, पैसे दिले. मुलाच्या दुकानाचा विचार केला तर तोच गिऱ्हाईक. पण मग लक्षात येतं की स्की आणि बूट तो सोलंगलाच घेणार, राजारामपुरीतून वाहून नेणार नाही. जॅकेट आणि हातमोजे मात्र नेईल, आणि ते तर स्लेजवर बसलेलं कुटुंबही नेईल. म्हणजे त्या दुकानाला स्कीवाल्यांचा आकडा लागतच नव्हता. त्याला हवे होते हिवाळ्यात बर्फात जाणारे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला, आणि त्याचं चिडणं मला समजतं. तो आकडा मागायला आला होता, प्रश्न बदलून घ्यायला नाही.

व्याख्या सैल केली की काय होतं, हे चीननं दाखवलंय. बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकआधी तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं सांगितलं की ३४.६ कोटी लोकांनी बर्फावरच्या खेळांत आणि उपक्रमांत भाग घेतला. यात २०१५ पासूनची सगळी वर्षं, स्केटिंग आणि बर्फातली मौजमजाही आली. त्याच काळात चीनमधल्या स्की केंद्रांवर वर्षाला भेटी होत होत्या दोन कोटींच्या आसपास. आपापल्या व्याख्येत दोन्ही आकडे बसतात. बातमीत फक्त पहिला येतो.

"मग काहीच करू नये का?" असं माझे एक सहकारी विचारतात. त्यांचा आग्रह दोन याद्यांच्या पद्धतीचा आहे. प्रशिक्षणाच्या यादीतले कोल्हापूरचे ४० आणि भाड्याच्या दुकानांच्या वह्यांतले ५०, मोबाईल नंबरवरून जुळवले आणि समाईक १० निघाले, असं धरू. वह्यांतल्या ५० पैकी १०, म्हणजे पाचवा हिस्सा, प्रशिक्षणाच्या यादीत सापडला; मग त्या यादीतले ४० हेही एकूण माणसांचा पाचवा हिस्सा धरायचे. ४० गुणिले ५० भागिले १०, एकूण २००. सुटसुटीत आहे आणि फोनवरच्या 'हो'वर अवलंबून नाही, हे मला मान्य. पण दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. वर्गाला जाणाऱ्याला सामान वर्गातच मिळतं, तो दुकानाच्या वहीत क्वचितच येणार. समाईक १० ऐवजी ५ झाले की २०० चे ४०० होतात. एकाच सहलवाल्यानं सगळ्यांना वर्गालाही घातलं आणि ठरलेल्या दुकानातही नेलं, तर उलट समाईक फुगतात आणि आकडा खाली येतो. सहकारी म्हणतात, दोन्ही टोकं लिही आणि मोकळा हो. मी म्हणतो, छापताना वरचंच टोक उरतं, खालचं कापलं जातं. त्यांचं म्हणणं आहे की ती चूक छापणाऱ्याची. यंदाच्या हंगामाच्या याद्या मागवल्या आहेत. आल्या की जुळवणी करणार आहे. आकडा बाहेर द्यायचा की नाही यावर आमचं अजून जमलेलं नाही.