उन्हाळ्याची लेडीज बॅच

बडोद्यात लहानाची मोठी झालेली, साधारण माझ्या वयाची, डांडिया बाजार रावपुरा बाबाजीपुरा असल्या भागातली कुणी मराठी बाई भेटली तर तिला विचारून बघा पोहता येतं का, आणि येत असेल तर कधी शिकलीस. माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त जणींचं उत्तर एकच येतं, १९९४ चा उन्हाळा. योगायोग वगैरे काही नाही हा, सरळसरळ आयांनी घाबरून केलेला उद्योग आहे.

झालं असं की त्याच्या आदल्या वर्षी, ११ ऑगस्ट १९९३ ला, सूरसागरमध्ये बोट उलटली आणि २२ माणसं गेली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक बसवले होते. ज्यांनी सूरसागर बघितलेला नाही त्यांना सांगते, तो काही गावाबाहेरचा तलाव नाहीये, शहराच्या अगदी मधोमध आहे, समोर म्युझिक कॉलेज, इकडे डांडिया बाजार, तिकडे न्यायमंदिर, चोवीस तास रिक्षा आणि स्कूटरी. आम्ही संध्याकाळी त्याच्या कठड्यापाशी मक्याचं कणीस खायचो, आमचा गणपती तिथेच विसर्जन व्हायचा, भाजी घेऊन येताना आई पिशवी टेकवून दोन मिनिटं तिथेच श्वास घ्यायची. त्यात माणसं बुडू शकतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर बोटिंग बंद झालं आणि आमच्या वाड्यात पुढचे कित्येक महिने दुसरा विषय नव्हता. (२०२४ च्या जानेवारीत बडोद्यातल्याच हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्या संध्याकाळी आईचा मला पहिला फोन आला तो बातमी ऐकलीस का असा नाही, तर तुझ्या पोरीला पोहायला घातलंस का असा. तीस वर्षांत बाई तसूभर बदललेली नाही.)

तर मार्च संपता संपता आईनं जाहीर केलं की या सुट्टीत गाण्याचा क्लास बंद, पोहण्याचा चालू. गाणं काय नंतरही शिकता येईल म्हणाली. आजोबांना हे काही पटलं नव्हतं. ते त्यांच्या कोकणातल्या आजोळी विहिरीत शिकलेले, पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधायचा, मामानं वरून ढकलून द्यायचं, मग थोडे दिवसांनी बिंडा छोटा करायचा आणि एक दिवस तो काढूनच टाकायचा, फी नाही फॉर्म नाही. पैसे देऊन पोहायला शिकायचं ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटायची. वरून म्हणे, सयाजीराव महाराजांनी आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात आणलं ते लोकांना प्यायला मिळावं म्हणून, तुम्ही त्यात डुंबताय. १८९० च्या दशकातल्या त्या पाण्याचं आमच्या घरात इतकं कौतुक होतं की जणू आजोबांनी स्वतः पाइप टाकले होते. पण आईपुढे आजोबांचं फार चालायचं नाही.

बडोद्यात कॉर्पोरेशनचे स्विमिंग पूल आहेत, लालबागचा आहे, सरदारबागचा आहे, आणखीही आहेत. आमचा कुठला ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे चेंजिंग रूमबद्दल दोन शब्द लिहायचेत आणि मला याच गावात राहायचंय.

फॉर्म भरायचा, दोन फोटो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट की हिला कातडीचा रोग नाही, मग पुठ्ठ्याचा पास मिळायचा, तो पहिल्याच आठवड्यात भिजून त्यावरचा फोटो कुणाचाही वाटायला लागायचा. खरी पंचाईत कॉस्च्युमची. मंगळबाजार पालथा घातला तरी आईच्या पसंतीचा मिळेना, सगळे तिला फार आखूड. शेवटी एक गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा आणि वर झालर असलेला मिळाला, जांभळा. त्या झालरीची गंमत म्हणजे पाण्यात उतरलं की ती आपोआप वर तरंगायची आणि कमरेभोवती पसरायची, म्हणजे जे झाकायला लावली होती ते काही झाकलं जायचं नाही, पण हे आईला काठावरून दिसायचं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लेडीज बॅच सकाळी, पुरुषांच्या बॅचनंतर. लेडीज म्हणजे सहा वर्षांच्या पोरीपासून सून आलेल्या बायकांपर्यंत सगळ्या एकत्र. शिकवायला एक बेन होत्या. गुजरातेत शिक्षिकेला बेनच म्हणतात, त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमतही नव्हती. अंगानं भरलेल्या, केस एकदम बारीक कापलेले, हातात बांबू, पांढरा टॉवेल गळ्यात आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल. मराठी त्यांना पूर्ण कळायचं पण बोलायच्या गुजरातीच.

चेंजिंग रूममध्ये आठवण्यासारखं म्हणजे एकच नळ चालू, दाराला कडी नाही, आणि दोघींनी मिळून एक टॉवेल धरायचा आणि तिसरीनं कपडे बदलायचे. खाली चिकट, वर डोळे चुरचुरणारा वास. तो वास क्लोरीनचा, म्हणजे पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा असं तेव्हा सगळे सांगायचे. पुष्कळ वर्षांनी वाचलं की तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतोच, घाम आणि, काय सांगू, मुलं पाण्यात जे करतात ते, याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन्स बनतात त्यांचा असतो, डोळे लाल होतात तेही बरंचसं त्यामुळेच. म्हणजे वास जितका जास्त तितकं पाणी जास्त वापरलेलं. हे आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणूनच बेन आधी शॉवर घ्यायला लावायच्या आणि डोक्याला तेल दिसलं की परत पाठवायच्या. आई मात्र क्लोरीननं केस खराब होतात म्हणून निघताना चोपडून तेल लावायची, त्यामुळे मी रोज दोन बायकांच्या मध्ये अडकलेली.

आया सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायच्या, गवार मोडत, नाहीतर वाल सोलत, आणि छुंदो, म्हणजे कैरीच्या किसाचं गोड लोणचं, उन्हातच करायचा की गॅसवर चालतो यावर तासन् तास बोलायच्या. पण एक डोळा पाण्याकडे. आपली पोरगी दोन सेकंद दिसली नाही की गवार बाजूला. एकदा एक काकू चपलांसकट काठापर्यंत धावत आल्या, मुलगी नुसती पाण्याखाली फुगे काढत होती. बेननी त्यांना बांबूनं पायऱ्यांकडे परतायची दिशा दाखवली.

आता शिकवण्याबद्दल, कारण मला लिहायचंय ते हेच. आम्हाला वाटलेलं की हात कसे मारायचे पाय कसे मारायचे हे शिकवतील. पाय शिकवले, काठाचा पाइप धरून, उथळ बाजूला, नुसते पाय मारत राहायचं, पाणी उडालं पाहिजे पण गुडघा वाकता कामा नये. मग तोंड पाण्यात घालून नाकानं फुगे. आणि मग हात शिकवायच्या ऐवजी बेननी आम्हाला उताणं झोपायला लावलं. नुसतं झोपायचं पाण्यावर. बाकी काही नाही. जिला हे जमत नाही तिला पुढचं काही मिळणार नाही. एक मुलगी गावच्या नदीत पोहायला शिकून आलेली, सपासप हात मारायची, तिलाही बेननी आमच्या रांगेत आणून झोपवली आणि ती आमच्याच इतकी गटांगळ्या खायला लागली, तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं.

"माथुं पाछळ! पेट उपर! छाती भर!" म्हणजे डोकं मागे, पोट वर, छातीत हवा भर, एवढंच. मानेखाली बेनचा हात असायचा, आणि तो कधी निघून जायचा कळायचं नाही, कळलं की आपण लगेच घाबरून बसायला जायचो आणि बुड खाली, नाकात पाणी, कपाळापर्यंत झिणझिण्या. तेव्हा त्या समजावून सांगायच्या, शांतपणे, तो आवाज वेगळाच असायचा. फुफ्फुसं हवेनं भरलेली असली की माणसाचं अंग पाण्यापेक्षा जरासं हलकंच असतं, पण जरासंच. तोंड बाहेर राहील इतपत. आपण घाबरून किंचाळलो की हवा गेली. हात वर करून वाचवा वाचवा केलं की त्या हाताचं वजन पाण्यानं उचलायचं सोडलं आणि ते आपल्या डोक्यावर आलं, मग डोकं खाली. म्हणून हात कायम पाण्यात. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो ना, तसं करायचं नाही, असं त्या दर दोन दिवसांनी बजावायच्या. सूरसागरचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पण पायऱ्यांवरच्या बायका अशा वेळी बोलायच्या थांबायच्या.

मला ते जमलं ते एका सकाळी अचानक, कान पाण्यात गेले, बेनचा आवाज, आयांचा आवाज, सगळं बंद आणि फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतोय आणि वर कडुनिंबाची फांदी. मग समजलं की मी कुणाच्याच हातावर नाहीये.

शेवटची परीक्षा खोल बाजूला. उडी मारायची, वर यायचं, उताणं व्हायचं आणि बेननी शंभर म्हणेपर्यंत तसंच राहायचं. त्या गुजरातीत मोजायच्या आणि मध्येच कुणाच्या तरी आईशी बोलायला लागायच्या, मग छत्तीसवर होत्या की सेहेचाळीसवर हे विसरून छत्तीसपासून परत. आम्ही खालून ओरडू शकत नव्हतो कारण हवा जाईल. आज मला खात्री आहे की त्या मुद्दाम करायच्या.

भूक मात्र तशी पुन्हा आयुष्यात लागली नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या कितीतरी पट वेगानं ओढून घेतं, बाहेर चाळीसच्या वर ऊन आणि आम्ही ओठ निळे करून कुडकुडत सेवउसळीच्या गाडीवर. बडोद्याची सेवउसळ, वर लाल तरी, वेगळ्या वाटीत शेव, पाव कितीही कमीच पडायचे. आई घरी गेल्यावर सांगायची की पोरीनं काही खाल्लं नाहीये, आणि मग आजी परत आमरस वाढायची. गाडीचं गुपित आईनंही फोडलं नाही, कारण तिचीही एक प्लेट असायची.

फ्रीस्टाइल वगैरे मी पुढच्या सुट्टीत शिकले, कामापुरतं येतं, शर्यतीत कुणी मला घेणार नाही. चांदोदला नर्मदेवर नावेतून संगमावर जाताना आई आजही माझी ओढणी मुठीत धरून बसते, पोहायला पाठवणारी तीच, पण भरवसा नाही. तिला स्वतःला येत नाही. शिक म्हटलं तर म्हणते, आता कोण मला झालरीचा कॉस्च्युम देणार.

लेकीला आईच्या त्या फोननंतर घातलंच, आमच्या गोत्रीकडच्या सोसायटीत छोटासा पूल आहे, कोच तरुण आहे, चांगला आहे, गॉगल, फोमचे नूडल, किकबोर्ड, आणि पहिल्याच आठवड्यात पोरी फ्रीस्टाइलचे हात मारायला लागल्या, व्हिडिओ आयांच्या ग्रुपवर. सगळं चार फुटांत. दमली की उभी राहते. मी कोचला म्हटलं आधी फ्लोटिंग पक्कं करून घ्या ना, तर म्हणाला आंटी, लेव्हल टूमध्ये येतं ते. म्हणून आता रविवारी मीच तिला घेऊन उतरते आणि बेनच्याच आवाजात ओरडते, माथुं पाछळ, पेट उपर. ती काठाला टेकून उभी राहते, गॉगल कपाळावर सरकवते आणि म्हणते, मम्मा, याला स्विमिंग नाही म्हणत, तू नुसती पडलीयेस.