आम्ही लई लांबून आलोय

अहमदनगरच्या एका मिशन कंपाउंडात आमचं बालपण गेलं. नाना तिथल्या बोर्डिंग शाळेत मास्तर होते. साल १९६० च्या आसपासचं. कंपाउंडात एका अंगाला मास्तरांच्या खोल्या, मधे बोर्डिंग, आणि चिंचांच्या पलीकडे बंगला. बंगल्यात अमेरिकेहून आलेलं एक कुटुंब राहायचं. त्यांना आम्ही साहेब आणि मडमसाहेब म्हणायचो. बंगल्याच्या पायऱ्या चढायला कुणी मज्जाव केला नव्हता, पण चढायची पद्धत नव्हती. वर्षातून एकदा, गॅदरिंगच्या दिवसांत, ही पद्धत सैल व्हायची.

गॅदरिंग डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधी. दुसऱ्या दिवशी बोर्डिंगची पोरं नेवासा, राहुरी, पारनेरकडच्या आपापल्या गावी जायची. म्हणून त्या रात्री त्यांच्या अंगात वारं भरलेलं असायचं. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, सतरंज्या, बाकं जोडून केलेला रंगमंच आणि पडद्याला मडमसाहेबांच्या चादरी. दरवर्षी एक तरी चादर बत्तीशेजारी लटकून भाजायची आणि दरवर्षी त्या म्हणायच्या, "जाऊ द्या, ती जुनीच होती." सगळ्याच चादरी जुन्या कशा, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नाही.

साहेबांचं भाषण १८१३ पासून सुरू व्हायचं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट अमेरिकेहून कलकत्त्याला आले, कंपनी सरकारनं त्यांना तिथं राहू दिलं नाही, मग ते फेब्रुवारीत मुंबईला उतरले. तिथूनही त्यांना घालवायचा घाट होता, पण ते टिकले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. मागं बसलेली मोठी पोरं हळूच म्हणायची, "अजून मुंबईतच हाय." मग १८३१ साल यायचं, मिशन नगरला पोचायचं आणि पोरं सुटकेचा श्वास टाकायची, कारण निम्मं भाषण संपलेलं असायचं. पुढं १८४२ चं मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय', मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा, त्या पाहायला आलेले जोतीराव फुले. सगळं पाठ झालं होतं आम्हाला. साहेबांचं मराठी शुद्ध होतं, अगदी पुस्तकी. मराठीच्या दोन परीक्षा देऊन ते इथं आले होते. "मी आपणांस विनंती करतो" असं ते धोब्यालाही म्हणायचे.

त्यांच्या धाकट्याचं मराठी मात्र आमच्यासारखं होतं, चिंचेखालचं. तो माझ्या वयाचा. त्याला दरवर्षी नाटकात एकच काम: मागी. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांपैकी एक. कंपाउंडात परदेशी दिसणारं पोर तेवढंच, म्हणून मास्तरांनी लांबून आलेला माणूस त्यालाच करायचं ठरवलेलं. पश्चिमेचा पोरगा पूर्वेचा झाला, याचं कुणालाच काही वाटलं नाही. संवाद नानांनी लिहून दिलेले, शास्त्रातल्या, म्हणजे बायबलच्या भाषेत. एका वर्षी हेरोद राजानं दरडावून विचारलं, "आपण कोठून आलात?" धाकटा संवाद विसरला. दाढी सावरत म्हणाला, "आम्ही लई लांबून आलोय राजे, पाय पार मोडले." मांडव कोसळतो की काय इतका हशा झाला. पुढच्या वर्षीपासून नानांनी तेच वाक्य कागदावर लिहून दिलं.

तो खरोखरच लांबून यायचा. त्याची शाळा कोडाईकनालला होती. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये निघालेली ती शाळा. नगरहून दौंड, दौंडहून मद्रास, तिथून कोडाईकनाल रोड नावाचं स्टेशन, मग घाट. उन्हाळ्यात मडमसाहेब तिकडे जाऊन काही आठवडे मुलांबरोबर राहायच्या. एरवी तो आणि त्याची बहीण वसतिगृहात. दिवाळीनंतर दोघं घरी यायची, जानेवारीत परत जायची. आम्ही ज्यांना बंगल्यातली मुलं म्हणायचो, ती बंगल्यात वर्षातले जेमतेम अडीच-तीन महिने असायची. बोर्डिंगचा स्वयंपाकी हे सगळ्यात आधी ओळखून होता. धाकट्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकायचा. "हे बी बोर्डिंगचंच," म्हणायचा.

गॅदरिंगच्या आठवड्यात आम्हाला बंगल्यात बोलावणं असायचं, कागदी चांदण्या कापायला. सकाळी पोचलो तर त्यांची प्रार्थना चाललेली असायची. जेवणाचं टेबल, चौघं ती आणि स्वयंपाकीण, माळी. शास्त्राची ओळ पाळीपाळीनं सगळ्यांनी वाचायची, मराठीतून. माळीदादांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या पाळीला धाकटा हळूच कानात सांगायचा आणि ते मोठ्यानं म्हणायचे. मग भाजलेल्या शेंगदाण्यांचं घरी दळलेलं लोणी आणि पाव. आम्हाला ती शेंगदाण्याची चटणीच वाटायची, फक्त मिरची विसरलेली. नंतर टपाल. अमेरिकेतल्या चर्चच्या मंडळ्या वापरलेली नाताळ-कार्डं गठ्ठ्यानं पाठवायच्या. लिहिलेली बाजू कापून चित्राची बाजू आम्हाला रविवारच्या शब्बाथशाळेत हजेरीचं बक्षीस म्हणून मिळायची. बर्फातलं देऊळ, बर्फातली गाडी. पहिल्यांदा कार्ड मिळालं तेव्हा मी आईला विचारलं होतं, यांच्याकडं एवढं मीठ कशाला सांडतात?

गॅदरिंगचा शेवट कीर्तनानं. नगरच्या ख्रिस्ती लोकांचं हे जुनं वेड, ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळ्यांपासूनचं. पेटी, मृदंग, टाळ, आणि ना. वा. टिळकांची भजनं. साहेबांच्या हातात टाळ दिले जायचे आणि ते ताल चुकायचे. पण डोळे मिटून चुकायचे. त्यामुळं कीर्तनकारबुवांनी त्यांना कधी थांबवलं नाही.

दुसरा मोठा मेळावा उपकारस्तुतीच्या सणाचा, ज्वारी घरात आल्यावर. तेव्हा मुलं कोडाईला गेलेली असायची. लोक देवळात पायलीभर ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन यायचे आणि उपासनेनंतर लिलाव. लिलावाची रीत अशी, की घेतलेली वस्तू पुन्हा दान करायची आणि पुन्हा बोली लावायची. एकदा एक कोंबडा पाच वेळा विकला गेला, सहाव्यांदा कंटाळून पुलपिटावर जाऊन बसला. मडमसाहेब केक करून आणायच्या. त्यावर पाळकसाहेब आणि नाना चढाओढीनं बोली लावायचे. नानांचा पगार मला ठाऊक होता, त्यामुळं माझा जीव वरखाली व्हायचा. एका वर्षी नानांनी सात रुपयांना केक जिंकला आणि तो सगळ्यांदेखत मडमसाहेबांना परत दिला. "पोरांना पाठवा," म्हणाले. केक कोडाईला पोचेपर्यंत दगड झाला असणार. पण त्यांनी तो पत्र्याच्या डब्यात घालून खरंच पाठवला.

मुलं जायची तो जानेवारीचा दिवस मात्र कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत नसायचा. टांगा चिंचेखाली यायचा. पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, पाण्याची सुरई. धाकटा आमची गोट्यांची पिशवी परत द्यायचा, कारण वर घाटात गोट्या हरवतात असं त्याचं म्हणणं. साहेब टांग्यात बसून स्टेशनपर्यंत जायचे. मडमसाहेब फाटकापर्यंतच. टांगा दिसेनासा झाला की त्या सरळ बोर्डिंगच्या कोठीकडे वळायच्या, ज्वारीची पोती मोजायला. त्या दिवशी पोती दोनदा मोजली जायची.