नाल्याकाठचा हिरवा तुकडा आणि शरदातले स्थलांतर

शरद ऋतूत स्थलांतर पाहण्यासाठी बहुतेक पक्षीनिरीक्षक प्रसिद्ध तलावांकडे आणि अभयारण्यांकडे वळतात. मी मात्र हे दिवस वसाहत आणि हमरस्ता यांच्यामध्ये उरलेल्या, एका कडेने सांडपाण्याचा नाला वाहणाऱ्या झाडीत घालवतो, आणि ही निवड मी पूर्ण विचारांती केली आहे.

वटवटे, माशीमार यांसारखे बरेचसे लहान पक्षी रात्री प्रवास करतात, कारण रात्रीची हवा थंड व तुलनेने स्थिर असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. उजाडताना खाली शहरच पसरलेले असेल, तर दिसेल त्या झाडीत त्यांना उतरावे लागते. शहरातले दिवेही त्यांना वाटेवरून ओढून घेतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सात वर्षांतील सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी त्या प्रकाशाच्या प्रभावाखाली आले. झोत बंद करताच मात्र त्यांची गर्दी पांगत असे.

अशा ठिकाणी खाद्य मिळते ते तिथल्या दुर्लक्षामुळेच. न झाडलेला पालापाचोळा, वाढू दिलेले तण आणि नाल्यावर घोंघावणारी चिलटे यांवर कितीतरी पक्षी तग धरतात. त्या घाणीचे समर्थन मी करणार नाही, पण करडा धोबी शेपटी हलवत त्याच काठावर किडे टिपत असतो आणि थोड्या अंतरावर तुतवार आपले बूड सतत खालीवर करत चालतो. माझा विशेष जीव आहे तो हिरवट पर्णवटवट्यावर. जेमतेम सात-आठ ग्रॅम वजनाचा हा पक्षी सायबेरियापासून हिमालयापर्यंतच्या वनांत वीण करून दक्षिणेकडे येतो. पानांआड तो इतका चपळपणे हिंडतो की डोळ्यांवरची फिकट भुवई आणि पंखावरची बारीक रेघ दिसायला फार धीर धरावा लागतो. म्हणून त्याची ओळख आधी आवाजावरूनच पटते.

तो आवाज वेगळा कळतो, कारण इथले बुलबुल, दयाळ आणि शिंजीर कानांना पूर्ण परिचयाचे झालेले असतात. मोठ्या पाणथळीवर शेकडो पक्ष्यांत हरवून जाणारा नवा जीव इथे त्याच सकाळी लक्षात येतो. याच कारणासाठी, नवे काही न दिसलेल्या दिवसाचीही संपूर्ण यादी मी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतो. पूर्ण यादीतून पक्ष्याची अनुपस्थितीही अभ्यासकांना कळते, आणि तो कधी आला हे सांगण्यासाठी आदल्या दिवशी तो नव्हता ही नोंद तितकीच आवश्यक असते. झुडपांची छाटणी स्थलांतराचा काळ उलटेपर्यंत पुढे ढकलावी, ही विनंती देखभाल करणाऱ्यांकडे करताना याच नोंदी मी सोबत नेतो.