अकरा होड्या, बारा डोकी

आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबमधल्या मुलांच्या पहिल्या शर्यतीचा मुहूर्त काढताना अमावास्या नको म्हणून पौर्णिमेचा रविवार धरला, तिथेच पहिली चूक झाली. समुद्राला दोन्ही सारख्याच. दोन्ही दिवशी उधाण, दोन्ही दिवशी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओढ तेवढीच. अशा शर्यतीला भांगाचं, कमी भरती-ओहोटीचं पाणी हवं, म्हणजे अष्टमीच्या आसपासचं. पण शुक्ल अष्टमीला पाहुणे मिळत नव्हते.

क्लब तेव्हा दोन वर्षांचा होता. खाडीकाठच्या शाळेमागे पत्र्याची शेड. सुरुवात सहा ऑप्टिमिस्ट होड्यांनी झाली. दोन आमच्याच सुताराने सागरी प्लायवूडच्या बांधल्या, चार जुन्या फायबरच्या घेतल्या. ऑप्टिमिस्ट म्हणजे 2.36 मीटर लांबीची, पुढून चौकोनी, एकट्या मुलाची होडी. क्लार्क मिल्स यांनी 1947 साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात ती आखली, तीही गावातल्या पोरांना परवडावी म्हणूनच. नियमाप्रमाणे नुसती होडी किमान 35 किलोची. आमची पहिली 41 भरली, कारण सुताराने मासेमारीच्या होडीला मारतात तसं इपॉक्सी मारलं. दुसरी 37. दोन्ही अजून पाण्यात आहेत.

दुसऱ्या वर्षी देणगी आली आणि आम्ही आणखी पाच होड्या घेतल्या. देणगीतून होड्या येतात, रविवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर उभी राहणारी माणसं येत नाहीत. साधा हिशेब असा की सहा होड्यांपर्यंत एक रेस्क्यू बोट चालते, त्यापुढे दुसरी लागतेच. कागदावर आमच्याही दोन होत्या. एक क्लबची, 15 अश्वशक्तीच्या इंजिनाची. दुसरी खारवीवाड्यातल्या तांडेलकाकांची होडी.

भरतीचा अंदाज तिथीच्या पाऊणपटीवर येतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. छापील कोष्टकही दहा-बारा मिनिटांच्या फरकाने तेच सांगत होतं. फेब्रुवारीत आमच्याकडे सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, मंद आणि सरळ. साडेदहा-अकराला तो पडतो, अर्धा-पाऊण तास पाणी तेलासारखं होतं आणि मग पश्चिमेकडून खारा, समुद्रावरचा वारा, सुटतो. म्हणून बेत असा होता: साडेनऊला पहिली शर्यत, सव्वादहाला दुसरी, अकराच्या आत सगळ्या होड्या वाळूवर.

पाहुणे आले नऊ चाळीसला. नारळ, सत्कार, पाच भाषणं. पहिल्या शर्यतीचा, सुरुवातीच्या पाच मिनिटं आधीचा इशाऱ्याचा झेंडा वर गेला तेव्हा दहा पन्नास झाले होते. मतलई मरायला टेकलेला. अकरा होड्या चालत नव्हत्या, तरंगत होत्या. ती शर्यत कशीबशी पार पडली. तांडेलकाका पाण्याकडे बघून म्हणाले, “पाणी फिरलं. आता पोरांना वर घ्या.” तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. दुसरी शर्यत व्हायलाच हवी, असा आग्रह मंडपातून आला आणि होकाराचा हात मी वर केला. ‘एन’ झेंडा, निळ्या-पांढऱ्या चौकटींचा, शर्यत रद्द करणारा, माझ्याच हातात होता.

खाडीचं मुख पश्चिमेला. सुकतीचं पाणी पश्चिमेकडे, वारा पश्चिमेकडून. पाणी आणि वारा समोरासमोर आले की मुखावरच्या वाळूच्या पट्टीवर आखूड, उभ्या लाटा उठतात. वारा फार नसतो, तरी ऑप्टिमिस्टचं चौकोनी तोंड त्यात आपटतं आणि होडी भरते. आमच्या शर्यतीच्या त्रिकोणातला पश्चिमेचा बोया, वळायची तरंगती खूण, मुखापासून तीनशे मीटर आत होता. नेहमीच्या दिवशी पुरेसं अंतर, त्या दिवशी नाही.

अकरा पंचावन्नला पहिली झुळूक आली आणि दोन मिनिटांत तीन होड्या आडव्या झाल्या.

पहिली दोन मुलं जुनी होती. शीट, म्हणजे शिडाची दोरी, सोडायची, पोहत होडीच्या तळाकडे जायचं, तळातून बाहेर आलेल्या डॅगरबोर्डच्या फळीवर चढून मागे रेलायचं, हे त्यांना झोपेतही येतं. एकाची होडी सरळ झाली, पण उपसून पाणी कमी होईना. पाच लिटरचा तेलाचा कॅन कापून केलेला डबा दोरीने बांधलेला होता, पोरगा दमेपर्यंत उपसत होता. कारण नंतर कळलं. होडी तरंगती ठेवणारी बाजूची हवेची पिशवी मऊ पडली होती. होडी त्या कुशीवर इतकी खाली बसली की डॅगरबोर्डच्या खाचेचं वरचं तोंड पाण्याखाली गेलं. जितकं बाहेर तितकं आत. पिशव्या आदल्या रात्री तोंडाने फुगवून, झाकण फिरवून सोडल्या होत्या. सकाळी अंगठ्याने दाबून बघायच्या असतात. सकाळी आम्ही खुर्च्या मांडत होतो.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. उभी होडी वाऱ्याचं ऐकते, आडवी होडी पाण्याचं. सरळ उभ्या आठ होड्या खाऱ्या वाऱ्याने आत रेटल्या जात होत्या, आडव्या तीन मुखाकडे निघाल्या होत्या. एकाच रेस्क्यू बोटीला दोन्हीकडे बघायचं होतं. दुसरी कुठे होती? तांडेलकाकांच्या होडीत आठ पाहुणे बसले होते, फोटो काढायला.

तिसरी होडी उत्तर काठाला, दोन मीटर पाण्यात, पूर्ण उलटी झाली. ऑप्टिमिस्टची डोलकाठी 2.35 मीटरची, म्हणजे टोक गाळात रुतणारच. तिथे तळाशेजारी एक डोकं वर आलं. मग दुसरं.

ही होडी एका मुलाची. शेडमधल्या फळीवर अकरा खिळे, अकरा बिल्ले. होडी घेऊन जाताना बिल्ला गळ्यात, परत आल्यावर खिळ्यावर. अकराही बिल्ले पाण्यात होते, हिशेब चोख होता. फक्त तो होड्यांचा हिशेब होता. दोन शर्यतींच्या मधे एका मुलीचा मुंबईहून आलेला मामेभाऊ, दहा वर्षांचा, “एक फेरी मारू दे ना” म्हणत तिच्या होडीत बसला होता. लाईफ जॅकेट त्याने स्वतःच घेतलं, शेडच्या दारातल्या उघड्या दांडीवरून. मोठ्या माणसाचं.

मोठं जॅकेट पाण्यात वर सरकतं. मांडीतला पट्टा नसेल तर ते कानांपर्यंत येतं आणि हात वर गेले की मूल खालून निसटू शकतं. त्याचं नाक आणि डोळे तेवढे दिसत होते. मुलीने काय केलं? त्याच्या जॅकेटची मागची पट्टी मुठीत धरली, दुसऱ्या हाताने डॅगरबोर्ड धरलं आणि ओरडत राहिली, “सर, दोघं आहोत! दोघं आहोत!”

बोट चालवणाऱ्या मुलाने पहिल्या दोन होड्या तशाच सोडल्या. योग्य केलं. आधी डोकी, मग होड्या. वाऱ्याखालून आला, चार-पाच मीटरवर इंजिन बंद केलं आणि उरलेलं अंतर वल्ह्याने कापलं. पोहणाऱ्याजवळ फिरता पंखा नको म्हणजे नको. पाहुणा पोरगा आधी वर, मग ती. सगळं मिळून चार मिनिटं. काठावर ती मिनिटं फार लांब वाटली.

त्यानंतर मात्र घाई झाली. रुतलेली होडी त्याने कडेला धरून आडवी उचकटली. डोलकाठी ज्या दिशेने गाळात गेली, त्याच रेषेत उलट ओढायची असते, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, दोरी बोटीला बांधून, इंजिन अगदी मंद ठेवून. शिवाय या होडीला डोलकाठी होडीतल्या आडव्या फळीशी बांधणारी दोरीच लावलेली नव्हती. बूड खोबणीतून निसटलं, काठी वरच्या फळीत अडकलेलीच, आणि ती फळी तरफेसारखी फाटली. हाताच्या दोन वितींएवढी दोरी वाचवली आणि सुताराचे तीन दिवस घातले.

मी ‘एन’ झेंडा आणि तीन शिट्ट्या दिल्या त्या बारा वाजता. उरलेल्या आठ होड्यांना ओढायचं ठरलं. स्प्रिट, म्हणजे शिडाचं वरचं टोक ताणणारी तिरकी काठी, सोडलं की शिडाचा वरचा अर्धा भाग पडतो आणि होडी शांत होते, मग डॅगरबोर्ड वर, मुलं मागच्या बाजूला, एकामागे एक दोरीत. दोन खेपांत बारा चाळीसला सगळ्या वाळूवर. तांडेलकाकांनी पाहुण्यांना धक्क्यावर उतरवून मुखाकडे गेलेल्या दोन होड्या, त्यांच्या मुलांसकट, आणल्या. एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला तेही जड गेलं.

संध्याकाळी शेडमध्ये बसून बिल्ल्यांची फळी बदलली. आता दोन फळ्या आहेत, एक होड्यांची, एक डोक्यांची, आणि पाण्याच्या कडेला उभा राहून डोकी मोजणारा माणूस दुसरं काहीही करत नाही, चहासुद्धा आणत नाही. जॅकेटं कुलपात. देताना खांद्याच्या पट्ट्या वर ओढून बघतो, हनुवटी आत गेली तर ते मोठं. रेस्क्यू बोटीत पाहुणे नाहीत, कितीही मोठे असोत. सातवी होडी पाण्यात जायच्या आधी दुसरी बोट इंजिन चालू करून उभी. आणि कोष्टकातल्या पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी सगळं वाळूवर. भाषण चालू असेल तर ते ऐकायला मुलं नसतात.

त्या मुलीच्या आईने पुढचे दोन रविवार तिला पाठवलं नाही. तिसऱ्या रविवारी आई स्वतः आली, डोक्यांची फळी वाचली आणि विचारलं, “मोजायला कोण आहे आज?” त्या दिवशीचा माणूस आजारी होता. तिला शिट्टी दिली. अजून तीच मोजते.