चार्जिंग स्वस्त होत गेलं, पण कुणामुळे?

झिंक-एअर सेल, म्हणजे झिंक आणि हवेतल्या ऑक्सिजनवर चालणारी बॅटरी, जसजसा जुना होतो तसतसं त्याचं चार्जिंग व्होल्टेज चढत जातं. उत्प्रेरक झिजतो, त्याखालचा कार्बन ऑक्सिडाइज होतो. आमच्या सेलचं मात्र रोज थोडं उतरत होतं, म्हणजे तेवढ्याच चार्जला कमी वीज. आमचा उत्प्रेरक म्हणजे निकेल-कोबाल्ट मिश्रधातूचे नॅनोकण, नायट्रोजन मिसळलेल्या (डोप केलेल्या) कार्बनवर. सर खूश, पेपरच्या शीर्षकात 'मिश्रधातू' आधीच येऊन बसला होता.

मला खटकलं ते एवढंच, की डिस्चार्ज जिथल्या तिथे होता, १.२ व्होल्टच्या आसपास. डिस्चार्जला उत्प्रेरक ऑक्सिजन वापरतो, चार्जिंगला सोडतो. कण खरोखर सुधारत असतील, तर ते फक्त ऑक्सिजन सोडतानाच का सुधारावेत?

सेल उघडला. कार्बन पेपरच्या (ज्यावर उत्प्रेरक लावतात त्या कार्बन तंतूंच्या कागदाच्या) हवेकडच्या बाजूला नेहमीची पांढरी खपली, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने केलेलं पोटॅशियम कार्बोनेट. ती खरवडून इलेक्ट्रोड एक्सपीएसला (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते क्ष-किरणांनी सांगणाऱ्या तपासणीला) दिला. रिपोर्टमध्ये लोह निघालं. आम्ही लोह कुठेच घातलं नव्हतं!

ते आलं ६ मोलर केओएचमधून, म्हणजे सेलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून. निकेलच्या पृष्ठभागावर चार्जिंगच्या वेळी ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर तयार होतो आणि द्रावणातलं लोह तो अधाशासारखं शोषतो. त्या लोहामुळे ऑक्सिजन सोडणं सोपं होतं. विद्युत-रसायनज्ञ डेनिस कॉरिगन यांनी हे १९८७ मध्येच दाखवलंय. तरी आजही कित्येक पेपरांत केओएचचा ग्रेड (शुद्धतेचा दर्जा) लिहिलेला नसतो. 'शेकडो तास स्थिर' मात्र ठळक असतं, तेही दर चार्ज-डिस्चार्जला जाडजूड झिंकच्या पत्र्याचा जेमतेम पापुद्रा वापरून.

मग केओएच शुद्ध केलं. ताजं निकेल हायड्रॉक्साइड पाडायचं, धुवायचं, केओएचमध्ये हलवत ठेवायचं. लोह त्याला चिकटतं. खाली बसलं की वरचं नितळ द्रावण हलकेच ओतून घ्यायचं. सगळं पॉलिप्रॉपिलीनच्या भांड्यांत, कारण अल्कली काच खाते आणि काचेतूनही लोह उतरतं. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या हातच्या त्या द्रावणाला कुणी नावं ठेवून दाखवावीत.

त्यात सेल चालवला आणि सुधारणा गायब. चिमूटभर लोहाचा क्षार टाकल्यावर व्होल्टेज पुन्हा उतरलं.

सर म्हणाले, "बाहेर कोण केओएच शुद्ध करत बसणारे? लोह असणारच. मग त्याचा फायदा घेणारा कण हा चांगलाच उत्प्रेरक नाही का?" मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच डोक्यातून जात नाही. वरचा थर ऑक्सिहायड्रॉक्साइडचा, त्यातलं लोह बाटलीतलं. आमचा मिश्रधातू आत नुसता वीज पोचवतोय की आणखी काही करतोय? शीर्षकावरून आमचं अजून जुळलेलं नाही. केओएचचा ग्रेड पेपरात छापायचा, एवढं मी कबूल करून घेतलंय.