आचाऱ्यांचे आचार्य

आमच्या महाविद्यालयाच्या संशोधनपत्रिकेला डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख क्रमांक घ्यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सदस्यत्व घेतलं आणि प्रत्येक शोधनिबंधाला नंबर चिकटवला की सुटलो. नंबर मिळतो हो चटकन. पण त्याच्यासोबत एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या साच्यात शीर्षक, लेखक, सारांश अशी जी माहिती धाडावी लागते, तिनं माझी अख्खी दिवाळीची सुट्टी खाल्ली.

पीडीएफ असताना तेच परत कशाला भरायचं, म्हणून मी कुरकुरत होतो. एका जुन्या अंकातलं शीर्षक कॉपी करून पेस्ट केलं आणि गप्प झालो. पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! तो अंक युनिकोड या आजच्या अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये लावलेला. पानावर सुरेख मराठी दिसतं, आत सगळा कचरा. तसल्या अंकांची शीर्षकं नि सारांश हातानं टाइप केले.

मग नावं. चौकटी दोनच, नाव आणि आडनाव. आमचे लेखक लिहितात हजेरीपटासारखं: आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी वडलांचं किंवा नवऱ्याचं. मी शेवटचा शब्द आडनावाच्या चौकटीत टाकत गेलो. अर्धा अंक झाल्यावर लक्षात आलं, की अशानं एका बाईंचा संदर्भ त्यांच्या नवऱ्याच्या नावानं दिला जाईल. सगळं पुन्हा. दुसऱ्या एकींचे दोन लेख माहेरच्या आडनावानं, एक सासरच्या. तिथं ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या स्वतःच्या ओळखीचा 16 अंकी क्रमांक कामी आला. त्यावरूनही एका सरांचा फोन: “अहो, माझ्या नंबरात शेवटी एक्स आलाय, चुकलंय काहीतरी.” चुकलं नव्हतं. शेवटचा अंक आधीच्या 15 अंकांवरून पडताळणीसाठी काढतात. तो 10 आला तर एका घरात मावावा म्हणून एक्स लिहितात.

खरी फजिती मी स्वतः ओढवून घेतली. वर्डमधून आलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हं असतात, ती मी शहाणपणा करून एका फटक्यात उडवली आणि माहिती पाठवून दिली. एक लेख लग्नकार्यातल्या आचाऱ्यांच्या बोलीवर होता. दोन दिवसांनी लेखिकेचा मेसेज आला: “सर, माझ्या आचाऱ्यांना पीएचडी कधी दिलीत?” नोंदीत छापलं होतं, ‘आचार्यांची बोली’.

‘ऱ्य’ पुष्कळदा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा साठवलेला असतो. जोडचिन्ह गेलं की उरतो साधा रफार. मग मी नुक्त्याचा ऱ घेऊन शीर्षक पुन्हा टाइप केलं. त्याला त्या चिन्हाची गरजच पडत नाही. नोंदलेला डीओआय पुसता येत नाही, पण दुरुस्त माहिती त्याच क्रमांकावर पुन्हा पाठवता येते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, एवढं नशीब.

आचाऱ्यांचं मिटल्यावर बाकीच्या सारांशांत हीच चूक शोधायला बसलो. शेतकरी 17 ठिकाणी ‘शेतकर्यांच्या’ होऊन बसले होते.