महामार्गात गेलेले घर आणि राहून गेलेला मांगर

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आमचे सिंधुदुर्गातील राहते घर, विहीर आणि अंगणाची जमीन गेली. भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 खाली झाले, आणि ते कोणत्या वर्षी झाले यावर आमचा बहुतेक मोबदला ठरला. नवा भूसंपादन कायदा 2013 चा, लागू झाला 1 जानेवारी 2014 पासून. परंतु त्याच्या कलम 105 ने ज्या 13 कायद्यांना वगळले होते, त्यांत महामार्ग अधिनियमही होता. मोबदल्याच्या नव्या तरतुदी महामार्गांना लागू झाल्या त्या 1 जानेवारी 2015 पासून. 2014 पूर्वी पाटबंधाऱ्याच्या कालव्यात जमीन गेलेल्याला 30 टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कम) मिळे, तर 1997 मध्ये महामार्ग अधिनियमात घातलेल्या कलम 3-जे मुळे महामार्गात गेलेल्याला ती मिळत नसे. हा अन्याय होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते कलम त्या मर्यादेपर्यंत घटनाबाह्य ठरवले.

आमच्या निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, जमिनीच्या बाजारभावाला ग्रामीण भागाचा गुणांक 2 लावला गेला, त्यात घर, विहीर व झाडे यांचे मूल्य मिळवले गेले आणि त्या बेरजेइतकीच, म्हणजे 100 टक्के, दिलासा रक्कम मिळाली. म्हणूनच संयुक्त मोजणीच्या, म्हणजे जमीन व तिच्यावरील मालमत्ता जागेवर नोंदवण्याच्या, दिवशी जे कागदावर येत नाही, त्याचे नुकसान दुप्पट होते.

मोजणीची नोटीस आली तेव्हा मी रजा टाकून गावी गेलो. कर्मचाऱ्यांनी चिऱ्याच्या जोत्यावर तांबड्या रंगाची आडवी रेघ ओढली. ती आईच्या चुलीच्या बरोबर मागून जात होती. पंचनामा मला वाचून दाखवावा, असा आग्रह मी धरला, तेव्हा विहीर आणि अकरा पोफळी त्यात लिहिलेल्याच नाहीत असे आढळले. त्या लगेच लिहून घेतल्या गेल्या. मांगर, म्हणजे आमची शेतावरची खोप, मात्र शेजारच्या गटात होता. तो नंतर पाहू, असे सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले. ती माझी चूक झाली.

पुढचे आठ महिने सातबारामध्ये गेले. सामायिक उताऱ्यावर 23 नावे होती, त्यांतील पाच जण हयात नव्हते. वारस नोंदी, फेरफार, मुंबई-ठाण्यातील चुलत भावंडांच्या सह्या आणि प्रत्येकाचे हमीपत्र जमवावे लागले. वाटपावर वाद झाला असता तर कलम 3-एच प्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे गेले असते आणि रक्कम अडकून राहिली असती. घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये एकट्या वडिलांच्या नावावर होते. तरीही मला धास्ती होती. आत्याने संमतीपत्रावर सर्वांत आधी सही केली आणि म्हणाली, "घर तुझ्या बापाशीन बांधल्यान, तेच्यात आमचा काय्येक नाय." त्यानंतर कोणीही हरकत घेतली नाही.

ताबा देण्यासाठी नोटिशीनंतर 60 दिवस मिळाले. कौले आम्ही स्वतःच उतरवली.

मांगरासाठी मी कलम 3-जी(5) खाली लवादाकडे अर्ज केला. सोबत घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि वडील दारात भाताच्या पेंढ्या रचत असतानाचा एक फोटो जोडला. दोन वर्षांनी मूल्यांकनाचा आदेश झाला. तोपर्यंत मांगराच्या जागेवर रस्त्याचा भराव पडलेला होता, आणि अभियंत्यांनी त्या फोटोवरूनच भिंतींची लांबी काढली.